उतरलेला खांदा

बसा टेकून, एका उभ्या राहणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. हसू नका, उभं राहणं हाच त्याचा धंदा. चित्रकलेच्या शाळेत लाकडी चौथऱ्यावर उघड्या अंगानं उभं राहायचं, आणि पोरापोरींनी त्याला बघून माणूस काढायला शिकायचं. सगळे त्याला मामा म्हणायचे. नाकावर माशी बसली तरी मामा ढिम्म.

तर या मामाची बायको गेली. आजार ना बिजार. दुपारी पडली ती उठलीच नाही. मामा रडला नाही. बहीण राहायला आली, ती सारखी मागं लागलेली, "रड रे बाबा, मोकळा हो." याला रडूच येईना. दात काढल्यावर गाल कसा असतो, तसा सगळा आतून बधिर. येणारा-जाणारा विचारायचा, कसं झालं, काय झालं. हा सांगायचा. सांगताना वाटायचं, शेजारच्या घरातलं सांगतोय.

शेवटी एका सकाळी पिशवी उचलली आणि गाठली शाळा. तिथं कुणाला काही ठाऊक नव्हतं. ते तसंच राहावं, एवढंच त्याला हवं होतं.

पोरांची चित्रं अर्धवट होती. अशा वेळी मामाच्या पावलांभोवती खडूची रेघ मारून ठेवतात, पुढच्या खेपेला पाय तिथंच पडावेत म्हणून. मामानं कपडे उतरवले, रेघेत पाय ठेवले. पाय तंतोतंत बसले. पण वर्गात कुजबुज सुरू.

"मामा, डावा खांदा वर घ्या की जरा."

घेतला. पुन्हा उतरला.

"मानपण पडलीये. जेवला नाहीत का?"

"मामीनं धुतलाय वाटतं आज!" मागून एक जण.

सगळे खदखदले. मामाही हसला, म्हणजे ओठ हलले.

तेवढ्यात मास्तर आले. खडूस माणूस. दोरीचा ओळंबा धरून एक डोळा मिटून पाहिलं. "हे काय? पोरांनी एवढे दिवस घासलंय. जमत नसेल तर दुसरा माणूस बोलावतो."

दुसरा माणूस आला की याला घरी जाणं आलं. घरी बहीण, आणि ते विचारणारे. मामानं जीव खाऊन खांदा उचलला. थरथरला आणि आला खाली.

"लागलंय का कुठं?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. बायको गेली," मामा म्हणाला. कुणी वेळ विचारावी आणि सांगावी, तसं.

खोडरबरं थांबली. मागच्या त्या पोरानं मान जी खाली घातली ती वर काढेना. मास्तरांचा आवाजच बदलला. "अहो, मग आलात कशाला? जा घरी. आम्ही बघतो इथलं."

"घरी नका धाडू, मास्तर. इथं कुणी काही विचारत नाही. उभा राहू द्या."

मास्तरांनी ओळंबा खिशात घातला. मग वर्गावरच खेकसले, "बघताय काय? जुने कागद काढा, नवे लावा. समोर दिसतोय तसा काढायचा. खांदा उतरलाय, तर उतरलेला."

"सर, पण परीक्षा..."

"परीक्षेचं मी बघतो. काढ गप."

मग नुसती कोळशाची खरखर. मामा उभा. तिथं तरी रडला असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल, पण खोटं कशाला बोलू? बधिर तो बधिरच. फक्त खांदा धरून ठेवायची कटकट नव्हती.

अजून तो तिथंच उभा राहतो. तुमची पोरगी त्या शाळेत जाणार म्हणालात, म्हणून एवढं सांगितलं. तिला बजावून ठेवा: मामाला काही विचारू नकोस. वाईट झालं, असंही म्हणू नकोस. कागद लाव आणि काढायला बस. एवढं सांगाल ना तिला?