नवरीच्या अंबाड्यातला फासा

मी वीस बाजूंचा फासा बोलतोय. हो, वीस! सहा बाजूंचे ते ठोकळे माझे गरीब नातेवाईक. माझ्या एका फेकीवर खेळातले राक्षस मरतात, किल्ले पडतात. मग सांगा, मी भाव का खाऊ नये?

पण माझी मालकीण मला लपवायची. ती आणि तिची ताई मिळून ब्यूटी पार्लर चालवतात. शाळेत तिनं मैत्रिणींना राक्षसांची चित्रं दाखवली, तेव्हा सगळ्या खो खो हसल्या होत्या. तेव्हापासून ती चारचौघींसारखी वागायला शिकली. मालिकांच्या गप्पांना माना डोलवायची आणि दुपारी मागच्या खोलीत एकटीच राक्षसांची गोष्ट रचायची. पुढे काय घडणार, ते मला फेकून ठरवायची. मग माझी रवानगी खणात, अंबाड्यात घालायच्या जुन्या जाळीदार रिंगच्या उसवलेल्या शिवणीत. मला भारी राग यायचा.

त्या शनिवारी मात्र ती सकाळपासून हवेत होती. संध्याकाळी वाचनालयात हाच खेळ खेळणाऱ्या मंडळींत ती पहिल्यांदा बसणार होती. आणि नेमकी ताईनं घाईत नवरीसाठी तीच रिंग उचलली! माझ्याभोवती केस गुंडाळले गेले, पिना खुपसल्या गेल्या, वरून स्प्रेचा मारा झाला.

"ताई, आत काहीतरी टोचतंय," नवरी म्हणाली.

"पिन असेल. होईल सवय."

मालकिणीनं खण उघडला, आत रिंग नाही हे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. ती गप्प बसली असती, तर मी नवरीबरोबर सासरी गेलो असतो. 'बोल गं बाई, बोल!' मी आतून ओरडत होतो. नवरी उठलीसुद्धा.

"थांबा! टोचतोय तो माझा फासा आहे," मालकीण एका दमात म्हणाली. "मी राक्षसांचे खेळ खेळते. आणि मला ते जाम आवडतात!"

"अगं, एवढा अंबाडा सोडायचा आता?" ताईनं कपाळाला हात लावला. पण सोडला.

नवरीनं मला तळहातावर घेतलं. "बघू, माझा संसार कसा होतोय!" मी वीसवर पडायचा जिवापाड प्रयत्न केला. पडलो तीनवर.

"म्हणजे पहिल्याच लढाईत तलवार हातातून निसटणार, पण..." मालकीण अशी रंगून सांगायला लागली, की शेजारच्या खुर्चीतल्या बाईनं ड्रायर बंद केला. दातांत पिना धरून ताई म्हणाली, "मग? पुढे?"

हल्ली मी आरशासमोर बशीत ऐटीत बसतो. शनिवारी पार्लर लवकर बंद होतं आणि आम्ही तिघं वाचनालयात खेळायला जातो. ताई त्या खेळात चेटकीण असते आणि हरली की माझ्यावर चिडते. काय मजा येते म्हणून सांगू! तुमच्याही खणात असा कुणी दडवलेला असेल, तर त्याला आजच बाहेर काढा. तो नवरीच्या डोक्यात जाईपर्यंत थांबू नका.