सुट्टीचे पाणी

ताईच्या परसातल्या विहिरीला रविवारी पाणी असे. इतर दिवशी नसे.

"नुसती बघत काय बसलीस? ओढ की!" ताई म्हणाली. "अंधार पडायच्या आत सगळं भरून ठेवायचंय. उद्या दुपारपर्यंत पुन्हा ठणठणाट."

तिची धाकटी बहीण ओढत नव्हती, मोजत होती. काठावर गुडघे टेकून तिने टेप खाली सोडली होती. टोकाला पाणी लागले की वरची डबी पीप करी. मागे गल्लीतल्या बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या आणि पायरीवर दाजी वर्तमानपत्राआड बसले होते.

"वहिनी, यांना रोजच रजा टाकायला सांगा," शेजारच्या काकू म्हणाल्या. "आम्हाला नळाची वाट बघायला नको."

"पायगुणच तसा आहे त्यांचा," ताई म्हणाली. "दिवसभर घरात राहिले की विहिरीला पान्हा फुटतो."

"पगार कापतात हो, काकू," वर्तमानपत्रामागून आवाज आला. "पायगुणाचा भत्ता मिळत नाही."

सगळ्या हसल्या. हा विनोद धाकटी अनेक वर्षे ऐकत होती आणि दर वेळी हसत होती. आज ती हसता हसता थांबली. भूजल हाच जिचा विषय, तिने बहिणीच्या सासरची थट्टा म्हणून एक निरीक्षण इतकी वर्षे बिनदिक्कत बाजूला ठेवले होते.

"काय मेव्हणीबाई, आज सुट्टीलापण सरकारी काम?" दाजींनी विचारले.

"शुक्रवारी सही करायची आहे मला. खाण कचऱ्याला योग्य आहे म्हणून."

"मग कर की. कोरडी ठाक आहे खाण. माझ्या शब्दावर कर."

खाणीच्या तळाचा पंप दाजी चालवत. खाण नाल्यापलीकडे होती, म्हणजे वरच्या नगरपालिकेच्या हद्दीत. धाकटी आजवर खालच्या नगरपालिकेच्या विहिरी मोजत आली होती. नाल्यापलीकडचा भाग तिच्या दृष्टीने परदेशच होता. दोन्ही नगरपालिका एका पिढीपासून एकमेकींशी कोर्टातच काय ते बोलत. गेल्या वर्षी मात्र दोघींची गरज एकाच खड्ड्यापाशी येऊन मिळाली. वरचीकडला दगड संपत आला होता, खालचीकडे कचऱ्याला जागा उरली नव्हती. संयुक्त नियोजन कक्ष निघाला, आणि वरचीने खणलेले दोघींनी मिळून भरायचे ठरले. त्या कक्षात पाण्यापुरते मत देणारी एकटी धाकटी होती.

दाजींचा त्यात जीव गुंतलेला होता. दगड संपला की खाणीतली माणसे घरी जाणार होती. कचऱ्यातून झिरपणारे घाण पाणी उपसायला मात्र एक पंपचालक लागणार होता, आणि ती जागा त्यांना कबूल झाली होती. निवृत्तीला थोडी वर्षे उरलेल्या माणसाला दुसरीकडे कोणी उभे केले नसते. ताई हे बोलत नसे, पण योजनेचा विषय निघाला की तिचे हात काम करायचे थांबत.

"ताई, रोज रात्रीपण दाजी घरीच असतात ना? तेव्हा का नाही येत पाणी?"

"दमलेले असतात तेव्हा."

"आणि मोतीबिंदूच्या वेळी? तेव्हा तर चांगले आठवडाभर घरी होते."

"अगं, डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाचा कसला पायगुण?"

बायका पुन्हा हसल्या. धाकटीला एकदम बसवेना. प्रत्येक अपवादाला उत्तर तयार असलेल्या सिद्धान्ताचा तिला तसाही तिटकारा होता. दाजी घरी असणे आणि विहिरीला पाणी असणे, या दोन गोष्टी रविवारी एकत्र घडत होत्या, हे खरे. पण रविवारी आणखीही एक गोष्ट घडत होती. तिने टेप गुंडाळली, पुन्हा उलगडली, पुन्हा मोजले, आणि चहा न घेताच निघाली.

सोमवारी दुपारनंतर ती खाणीच्या तळाशी उतरली. तळ कोरडा होता. कक्षातल्या प्रत्येक पाहणीत तो कोरडाच आढळला होता, कारण प्रत्येक पाहणी कामाच्या दिवशी झाली होती. कोपऱ्यातल्या डबक्यात पंपाचा जाड नळ गेला होता. पंप इतका सारखा गुणगुणत होता की थोड्या वेळाने तो ऐकूही येईनासा झाला.

"बघ, पाय तरी ओला होतो का," दाजी म्हणाले. "सोमवारी पहाटे चालू करतो, तो शनिवारी संध्याकाळी बंद. मी नसलो तर बदली माणूस बघतो. पण खाण कोरडी म्हणजे कोरडी."

"बुधवारी बंद ठेवाल?"

"बुधवारी?" त्यांनी हात पुसायला घेतलेले फडके तसेच धरले. "तसा खडी फोडायच्या क्रशरचा पट्टा बदलायचाय बुधवारी, खाली काम नाही. पण कशाला?"

"मला विहीर मोजायची आहे."

त्यांनी पंपाकडे पाहिले. "म्हणजे माझा पायगुण तपासणार तू?"

"पायगुण नाही, दाजी. पंप."

"आणि पाणी आलं तर?"

"तर खाण कोरडी नाही, तुम्ही तिला कोरडी ठेवताय. उद्या कचरा भरला आणि पंप थांबला, की पाणी वर चढेल. कचरा त्यात चहापत्तीसारखा मुरेल, आणि तेच पाणी ताईच्या बादलीत येईल."

"मी थांबवणारच नाही पंप. चालवत राहीन की."

"किती वर्षं?"

"हात चालतात तोवर."

"कचरा तुमच्यापेक्षा जास्त जगेल."

दाजींचा चेहरा उतरला, मग तापला. "सोपं आहे गं तुझं. टेप सोडायची, आकडा सांगायचा, घरी जायचं. तुझ्या ताईच्या संसाराचा विचार केलास का? कचरा नाही तर मी कुठे?"

या प्रश्नाचे उत्तर भूजलशास्त्रात नव्हते. दाजी पाठ फिरवून नळाचे बोल्ट आवळू लागले. ते आधीच आवळलेले होते.

बुधवारी सकाळी ती विहिरीवर जाऊन बसली तेव्हा त्यांनी हो म्हटले नव्हते आणि नाहीही म्हटले नव्हते. टेप खाली सोडली. पीप झाले नाही. ती उठली, परसात फेऱ्या घातल्या, पुन्हा टेप सोडली. पीप झाले नाही.

"तुला झालंय तरी काय? पायाला भिंगरी लागल्यासारखी करतेस," ताई दारातून म्हणाली. "हे पण तसेच. काल जेवले नाहीत. आज न बोलता गेले."

कक्षप्रमुखांचा फोन आला. "बाई, अहो, दोन नगरपालिका कधी नाही त्या एका टेबलावर बसल्यात. एका विहिरीपायी लग्न मोडायचं का? बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या."

"शुक्रवारपर्यंत मुदत आहे, साहेब."

"मुदत आहे हो, पण तुम्हाला नक्की कशाची वाट बघायची आहे?"

ते तिला फोनवर सांगता आले नसते. तिची परीक्षा आता दोन गोष्टींची होती, आणि त्यांतली एक विहिरीची नव्हती, दाजींची होती. पंप बंद झाला की नाही, हे विचारायला ती खाणीत फोन करू शकत होती. तिने तो केला नाही.

दुपारी तळाचा गाळ काळसर दिसू लागला. तो ओला झाला आहे की सावली सरकली आहे, हे वरून ठरवता येत नव्हते. तिने टेप सोडली. गाळाच्या किंचित वर डबीने पीप केले. थोड्या वेळाने पुन्हा सोडली. पीप आणखी वर झाले.

ताई धावत बाहेर आली. आधी तिने विहिरीत पाहिले, मग वळून दाराकडे. "अगं बाई! आज बुधवार ना? हे आले की काय लवकर?"

"नाही आले," धाकटी म्हणाली.

दाजी नेहमीच्या वेळी आले. चपला काढल्या, हातपाय धुतले आणि विहिरीकडे न पाहता पायरीवर बसले.

"आलं?"

"आलं."

"मी मुद्दाम लवकर नाही निघालो. नाहीतर पुन्हा माझ्या नावावर लावलं असतं सगळ्यांनी." मग ते ताईकडे वळले. "ऐकलंस का, तुझ्या विहिरीचं पाणी मी नेत होतो. आठवडाभर न्यायचो आणि रविवारी सोडायचो. आणि तुम्ही माझं कौतुक करायचात."

ताई आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्यांच्याजवळ ठेवून त्याच पायरीवर टेकली. "मग आता?" तिने विचारले.

"आता ही लिहील, खाण कचऱ्याला योग्य नाही म्हणून. दगड आहे तोवर पंप चालेल. मग मी घरी." ते धाकटीकडे वळले. "काय लिहिणारेस, वाच बघू."

धाकटीने वाचले. ‘पंप अधूनमधून बंद असताना’ या शब्दांवर त्यांनी हात वर केला.

"अधूनमधून काय? मी कधी अधूनमधून बंद ठेवलेला नाही. नीट लिही."

तिने ते खोडले आणि नीट लिहिले. खाण कोरडी नाही; पंप चालू असेपर्यंत ती कोरडी दिसते. खाण आणि नाल्याअलीकडच्या विहिरी एकाच भेगाळ खडकात असून त्यांचे पाणी एकच आहे. पंप सुरू असला की विहिरी आटतात. रविवारी पंप बंद असतो, म्हणून रविवारी पाणी येते.