लेकीच्या घरचं पाणी

माझ्या तोंडाला कुलूप घालायला हवं होतं. पण नव्या रंगाच्या भिंतीकडे पाहत अण्णांनी विचारलं, "साहेब, घर झकास हाय. कोनाचं?" आणि मी छाती फुगवून म्हणालो, "माझं!"

अण्णा म्हणजे माझे सासरे गिरधरअण्णा, बहादरपूरचे केळीवाले. साखर त्यांना सोडत नाही आणि आठवण त्यांच्याजवळ टिकत नाही. रात्री ते उठून दाराकडे जातात, म्हणून त्यांची लेक जागीच असते. समोर जेवणाचं ताट होतं आणि वंदनाने, माझ्या बायकोने, नुकतंच त्यांना इन्सुलिन टोचलं होतं.

"आन ह्या बाई?"

"ही वंदना. तुमची लेक."

अण्णांनी ताट सरकवलं. "म्हंजे मी लेकीच्या घरी जेवतो? राम राम राम!"

जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. सासूबाई गेल्यापासून अण्णा आमच्याकडे जेवतात, ते हे घर आपलंच आहे या समजुतीवर. ती समजूत मी एका शब्दात मोडली. वंदनाने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढची सुई मलाच बसणार.

इन्सुलिन पोटात गेलं आणि अन्न गेलं नाही, तर साखर उतरते, माणूस बेशुद्ध पडतो. डॉक्टरांनी हे आम्हाला दहादा बजावलं होतं. वंदना साखरपाणी घेऊन आली. अण्णांनी ओठ घट्ट मिटले. पाणीच तर प्यायचं नव्हतं!

"अण्णा, लेकीला मूल झालं की चालतं ना?" मी अक्कल चालवली. "तुम्हाला नातू आहे. हर्षल. इंदूरला नोकरी करतो."

"मंग आमच्या घरी पेढा काहून नाही आला? मले झूठ बोलता?"

सत्तावीस वर्षांपूर्वीचा पेढा मी कुठून आणू? अण्णांच्या कपाळावर घाम आला. बोटं थरथरायला लागली. वंदनाचा चेहरा पांढरा पडला.

तेवढ्यात ती उठली आणि मागच्या दाराने गेली. मला वाटलं, रडायला गेली. पण ती पुढच्या दारातून आत आली. डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी.

"अण्णा! मी आले हो माहेरी!"

अण्णांचा चेहरा फुलला. "वंदू! एकटीच आली का बेटा?"

"हे आलेत ना सोडायला."

अण्णांनी मला पुन्हा नीट न्याहाळलं आणि भिंतीला धरून उठायला लागले. "अरे, जावईबापू! बसा, बसा. वंदू, आधी त्यांना वाढ."

मी नुकताच तीन भाकरी हाणून उठलो होतो. पण जावई उपाशी असताना सासरा घास उचलणार नव्हता. ताट आलं. मी एक घास खाल्ला, अण्णांनी एक खाल्ला. मी थांबलो की तेही थांबत. वंदना मागून मला ढोसत होती. "जावईबापू, लाजू नका. आपलंच घर समजा," अण्णा म्हणाले आणि स्वतःच्या हाताने माझ्या ताटात आणखी भाकरी टाकली. तीही मी गिळली. नाही म्हणायची सोय कुठे होती?

हळूहळू त्यांची बोटं स्थिरावली. वंदनाने साखर तपासली आणि मान हलवली. ठीक होती. मी पट्टा सैल केला.

हात धुऊन अण्णा मला म्हणाले, "आता तुम्ही निघा. पोरीले राहू द्या चार दिवस."

माझ्याच घरातून मला हाकललं! मी वंदनाकडे पाहिलं. तिने तोंडाला पदर लावला होता. हसत असावी, असं मला वाटलं.

"राहू का अण्णा?" ती रडत होती. सासूबाई गेल्यावर बहादरपूरचं घर बंद झालं. तेव्हापासून तिला कुणी राहा म्हटलं नव्हतं.

"राय ना. इचारते काय? किती वाळली तू. झोपत नाही का तिकडे?"

"नाही झोपत, अण्णा."

मी चपला घातल्या आणि दाराबाहेरच्या ओट्यावर बसलो. खिडकीतून दिसत होतं. वंदना त्यांच्या खाटेवर आडवी झाली होती. अण्णा उशाशी बसून तिच्या केसांवरून हात फिरवत होते.

"झोप बेटा," ते म्हणाले. "मी जागा हाय."