पाण्याच्या पंपाचा चौथा बोल्ट

मित्रांनो, मी गाडीच्या इंजिनातला एक जुना बोल्ट आहे. खरं म्हणजे होतो. अंगावर गंजाचे डाग आहेत आणि डोक्याचे कोपरे झिजले आहेत. तरी माझं थोडं ऐका.

कारखान्यात मला एकच शिकवण मिळाली, काही झालं तरी सुटायचं नाही. ती मी फारच मनावर घेतली. श्रीवर्धनच्या हमदुल्लाच्या गाडीत आम्ही चौघे बोल्ट पाण्याचा पंप धरून बसलो. हमदुल्लाने उमेदीची वर्षं आखातात, दोह्यात, स्पेअर पार्टच्या दुकानात काढली होती. प्रत्येक पार्टचं नाव त्याला पाठ होतं. खोललेला मात्र एकही नव्हता.

गाडीवर त्याचा भारी जीव. लेक यशरा मुरुडला दिलेली, त्यामुळे दिघीहून फेरीबोटीत गाडी घालून आगरदांड्याला जाणं नेहमीचंच. बोट सुटली की तो बॉनेट उघडून ठेवी. इंजिनाला जरा वारा लागावा, असं त्याचं म्हणणं. दोह्याहून आलेला माणूस सांगतोय म्हणून आजूबाजूचेही आपापली बॉनेटं उघडत. वाऱ्याबरोबर खारं पाणी थेट माझ्या तोंडावर येई. हळूहळू मी इंजिनाला असा चिकटलो की ते कुठे संपतं आणि मी कुठे सुरू होतो, हे मलाच कळेना.

मग पंप गळू लागला, आणि तोही नेमका यशरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती तेव्हा. शनिवारनंतर प्रवास नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिच्या आईने, सुगराने, माळ्यावरचा पाळणा खाली काढला होता. हमदुल्लाने तर लेक बापाच्याच गाडीतून येणार, असं मोहल्लाभर सांगून ठेवलेलं. नवा पंप त्याने आणला, पण मेकॅनिकला बोलावणं त्याला कमीपणाचं वाटलं.

शुक्रवारी नमाजाहून आल्यावर त्याने बाह्या सरसावल्या. बाकीचे तिघे मुकाट्याने सुटले. मला त्यांची लाज वाटली. मी जागचा हललो नाही.

पाना लावला की घसरे. माझे कोपरे गेले ते तेव्हाच. शेजारचे महादेव गुरुजी आपल्या वाडीतला लोखंडी पाइप घेऊन आले. पान्याला पाइप अडकवून दोघांनी जोर केला. पाना निसटला आणि हमदुल्ला मागच्या मागे गेला, तो गुरुजींच्या वाळत घातलेल्या सुपारीत जाऊन बसला. सुपाऱ्या गडगडत रस्त्यापर्यंत गेल्या. गुरुजींनी आधी सुपाऱ्या गोळा केल्या, मग हमदुल्लाला उठवलं.

आवाज ऐकून सुगरा बाहेर आली. सकाळी ही गाडी चालू झाली नाही तर भाड्याची येईल आणि ही भंगारात जाईल, असं तिने सांगून टाकलं. मी चरकलो. माझ्या हट्टापायी अख्खी गाडी जाणार होती. आता मला सुटायचं होतं, पण गंज सोडीना.

हमदुल्ला माझ्यावर तेल ओतून लगेच पुन्हा पाना उचलू लागला, तशी ती म्हणाली, "तेल घातलंत ना? मग जिरू द्या त्याला. तुमी जेवाला चला."

रात्रभर तेल माझ्या आट्यांत उतरत गेलं. सकाळी घाईत हमदुल्लाने पाना उलट्याच बाजूला फिरवला.

"हमदुल्लाभाई, आवळताय तुम्ही," गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात कट् झालं. गंज तुटला होता. मग सुलट फिरवताच मी गुमान बाहेर आलो. दोह्यात असंच करतात, असं हमदुल्लाने सांगितलं. गुरुजी सुपारी कातरत राहिले.

नवा पंप नव्या बोल्टांवर बसला, गाडी चालू झाली, आणि लेकीला दाखवायला म्हणून त्याने मला खिशात घातलं. त्यामुळे बोटीचा प्रवास मी पहिल्यांदा इंजिनाबाहेरून पाहिला. यशराला घेऊन परत येताना बोट सुटली आणि सवयीने त्याचा हात बॉनेटकडे गेला. सुगराने गाडीतून नुसतं पाहिलं. त्याने हात खिशात घातला.

घरी पाळणा टांगताना कडीचा बोल्ट सापडेना. हमदुल्लाने मला घासूनपुसून तिथे बसवलं.

"अब्बा, सुटनार न्हाय ना?" यशराने विचारलं.

"ह्यो? ह्याला मी हात जोडले तरी न्हाय सुटला."

माझ्या हट्टाचं असं कौतुक कधी झालं नव्हतं. आता पाळण्यात बाळ आहे. ते हातपाय झाडतं, पाळणा हलतो, मी हलत नाही. मित्रांनो, आम्हा बोल्टांना अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि बोटीत वारा तुम्हीच खा. बॉनेट तेवढं बंद ठेवा.