दुपारचं सोंग

बाटल्यांच्या कारखान्यातली भट्टी कधी विझवत नाहीत, त्यामुळे पारखीच्या नशिबी कायमची रात्रपाळी आली होती. पारखी हे काही त्याचं नाव नव्हे. सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या शेकडो बाटल्यांतली तडकलेली बाटली तो एका नजरेत हेरायचा, म्हणून सगळे त्याला तसं म्हणायचे. दिवसा तो झोपायचा आणि घर श्वास रोखून बसायचं. बायकोनं दाराची घंटा काढून ठेवली होती. दुपारी मिक्सर बंद. शेजारणीच्या हातून भांडं पडलं, तरी ही बाई भांडायला कंबर कसून हजर!

हल्ली त्याच्या छातीत धडधडायला लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजत राहणारा पट्टा एक दिवस-रात्र दंडाला बांधून दिला. दुसऱ्या दिवशी त्यातले आकडे बघून त्यांचा चेहरा उतरला.

"झोपेत दाब उतरतो, तेवढीच रक्तवाहिन्यांना उसंत. तुमचा उतरलेलाच नाही. काल दुपारी झोप लागली होती का? लागूनही उतरत नसेल, तर औषध वाढवते. लागतच नसेल, तर आधी रात्रपाळी बंद करायला कारखान्याला लिहून देते."

"लागली होती की!" बायको घाईनं म्हणाली. "घरात टाचणी पडू दिली नाही मी."

पारखी तिच्याकडे बघत राहिला. वर्षानुवर्षं तो त्या अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून नुसता पडून होता. चुकून कधी डोळा लागला तर लागला, बाकी सगळं सोंग. ती एवढा आटापिटा करते, तर आपण निदान झोपल्यासारखं दिसावं, एवढंच त्याच्या मनात असायचं.

"जागा होतो," तो म्हणाला. "रोजच असतो."

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं. परतताना बायको रस्ताभर दोन पावलं पुढे चालत होती.

घरी आल्यावर सवयीनं त्यानं पडदे ओढले आणि आडवा झाला. स्वयंपाकघरात झाकण आपटलं. मग ताट. मग भर दुपारी मिक्सर घरघरला आणि थांबला. पारखी डोळे मिटूनच पडला होता.

ती दारात आली.

"अहो, जागे आहात का?"

दुपारचं हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"हो."

ती पलंगाच्या कडेला टेकली.

"मग कधी हाक का नाही मारलीत? मीसुद्धा बाहेर एकटीच बसलेली असायचे."