बाबांच्या कॉलरवरचा केस

आईने बाबांचा शर्ट खिडकीशी धरला आणि कॉलरवरून एक केस चिमटीत उचलला. लांब, तांबूस रंगवलेला. आमच्या घरात तसा कोणाचाच नव्हता.

"परवाचा काळा होता," ती म्हणाली.

बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाले होते. जन्मभर घर ते कचेरी आणि कचेरी ते घर. आता मात्र दुपारचं जेवण उरकलं की दाढी करून बाहेर पडत. विचारलं तर म्हणत, जरा पाय मोकळे करून येतो. पाय मोकळे करायला इस्त्रीचा शर्ट कशाला, असा आईचा सवाल होता. फोन वाजला की ते गॅलरीत जात. पलीकडून बाईचं हसणं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. माझ्याही मनात पाल चुकचुकली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांच्या मागे गेले.

बाजारामागच्या इमारतीत ते शिरले. दारावर केशकर्तन वर्गाची पाटी होती. काचेतून पाहिलं, तर विशीतल्या मुलींच्या रांगेत एप्रन घातलेले बाबा एका बाईंच्या केसांची बट दोन बोटांत धरून उभे होते. शिकवणारी मुलगी माझ्याहून लहान. तिने त्यांचं मनगट जरासं वळवलं, तसे ते खुदकन हसले.

मला हायसं वाटायला हवं होतं. शाळा संपल्यावर मला हेच शिकायचं होतं. लोकांच्या कोंड्यावर पोट भरणार का, म्हणत त्यांनीच मला सरकारी परीक्षेला बसवलं. पास झाले, तर गल्लीभर सांगत सुटले.

मी आत गेले. ते आधी दचकले, मग ओशाळले. लहानपणापासूनची हौस होती म्हणाले, पण घर चालवायचं होतं.

"मग मला का नाही शिकू दिलंत?"

"तुझ्या भल्यासाठीच गं. हौस काय, मागाहूनही होते. पेन्शन येते, मला कसली चिंता नाही. तुझी सुरू झाली की तूही शीक."

"आम्हाला पेन्शन नाही, बाबा. आमच्या आधीच्या भरतीपर्यंतच होती."

"कोण म्हणालं? नीट विचारलंस का?"

"रुजू झाले त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. घरी येऊन मी बोललेही होते."

 बाबा नळाशी जाऊन कंगवा धुऊ लागले. धुऊन झाला तरी पाणी चालूच होतं. खुर्चीतल्या बाई, एका बाजूचे केस आखूड नि दुसऱ्या बाजूचे लांब, आरशातून आमच्याकडे बघत बसल्या होत्या.