मंगळवारचा फोन

धम्मप्रियाने तीनदा "हॅलो" म्हटलं, थोडी वाट पाहिली आणि फोन कापला. नोंदवहीत वेळ लिहिली, दोन वाजून दहा मिनिटं. पुढे लिहिलं, 'राँग नंबर'.

समोरच्या खुर्चीत रंभाबाई चष्मा पुसत होत्या. अत्याचार सोसलेल्या बायकांसाठी त्यांनी बावीस वर्षांपूर्वी सोलापुरात ही संस्था काढली. तेव्हापासून संस्थेचा फोन त्यांच्याच पिशवीत असे. गेल्या वर्षभरात त्यांचं ऐकणं गेलं; यंत्र लावून, समोरच्याचे ओठ पाहूनच त्यांना बोलणं कळे. त्यातच पुण्याहून प्रशिक्षण द्यायला आलेल्या मॅडम म्हणाल्या, संस्था एका माणसावर चालता कामा नये. मग नोंदवही आली, कपाटाला कुलूप आलं, आणि महिन्याभरापूर्वी फोन धम्मप्रियाच्या टेबलावर आला.

"कुनाचा हुता?" रंभाबाईंनी विचारलं.

"कुणी बोलतच नाही, मावशी. तिसरा मंगळवार आहे हा. मी कापते."

चष्मा पुसणारा हात थांबला.

"मागं पिठाची गिरणी वाजती?"

धम्मप्रियाने आठवून पाहिलं. "हो. वाजते."

"चार वर्सं झाली, करती ती. बोलत न्हाय. मीच आपली काय बी सांगत बसायची. नळाला पानी कवा आलं, भाजी काय केली. धा मिन्टांनी ती ठिवती."

"मला सांगितलं नाही तुम्ही."

"नाव न्हाय, गाव न्हाय. काय सांगायचं हुतं?"

धम्मप्रियाने घाईने फोनवर तो नंबर काढला. रंभाबाईंनी हात लांब करून फोन तिच्याकडून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"आपन करायचा न्हाय. फोन तिच्या हातात कवा असतो आन् दुसऱ्याच्या कवा, आपल्याला काय म्हाईत?"

पुढच्या मंगळवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दोन्ही दिवशी रंभाबाई डबा न उघडता तीनपर्यंत बसून राहिल्या. धम्मप्रियाला त्यांनी बोल लावला नाही. लावला असता तर तिला बरं वाटलं असतं. 'राँग नंबर' खोडून तिने दुसरं काही लिहायला घेतलं. नाव, वय, गाव, घटना, कारवाई. एकाही रकान्यात काही लिहिता येईना.

त्यानंतरच्या मंगळवारी फोन वाजला. कानाला लावताच गिरणीची घरघर ऐकू आली.

"मी धम्मप्रिया," ती म्हणाली. "तुमचा फोन तीन वेळा मी कापला. चुकलं माझं."

रंभाबाई तिच्या ओठांकडे पाहत होत्या.

"मी स्कूटी शिकतेय," ती एकदम म्हणाली. "काल पोस्टाच्या भिंतीला नेऊन धडकवली. पुढचा दिवा फुटला. गाडी भावाची आहे, त्याला अजून सांगितलं नाही. सकाळी तो पायीच गेला म्हणून वाचले."

ती थांबली. पलीकडे गिरणी बंद झाली होती.

"त्या बाई..." आवाज अगदी कोवळा होता. "त्या बाई बऱ्या हायत न्हवं?"

"आहेत. इथंच बसल्यात, माझ्यासमोर. त्यांना आता ऐकू येत नाही, म्हणून फोन मी घेते."

"मला वाटलं, गेल्या."

मग पलीकडची ती पुढे बोलू लागली आणि धम्मप्रिया ऐकत राहिली. तिचे ओठ हलेनात, तशा रंभाबाई पुढे वाकल्या.

"गप का झालीस? बोलत ऱ्हा की," त्या मोठ्याने म्हणाल्या. "ती बोलत नसती. आपनच बोलायचं."

धम्मप्रियाने मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

रंभाबाई त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि कडी हाताने धरून, जपून दार लोटून घेतलं.